हवा शिरते कुठून

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कोलकात्याच्या बेहाल्यात कोणी पान्याला हात लावत नाही, हे सानिका सोहोनीला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही नेमक्या त्याच सकाळी ती आईचा दुरुस्तीला टाकलेला मिक्सर आणायला बाबांची जुनी डिझेल अँबेसेडर घेऊन निघाली. मिक्सरच्या दुकानाचे दार अर्थातच बंद होते. परतीच्या वाटेवर, चौरस्त्याच्या अलीकडे, गाडीने दोन आचके दिले, अंग थरथरवले... आणि ती निमूट उभी राहिली.

उभी राहिली तीही एका गॅरेजच्या दारात. आत पाने, पकडी, हातोड्या धुऊनपुसून देवापुढे ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर कुंकवाचे बोट होते. गॅरेजचा मालक श्यामसुंदर नव्या झब्ब्यात होता. त्याने बॉनेटखाली डोकावून गाडीने हवा घेतल्याचे निदान केले आणि लगेच हात जोडले. आज हत्याराला स्पर्श नाही, दिदी. उद्या सकाळी पहिली गाडी तुमची. एवढे सांगून त्याने तिच्या हातात खिचडीचा द्रोण ठेवला. वर ढगाळ आकाशात पतंगांची काटाकाटी चालली होती, आणि कुठे एखादा पतंग कटला की गच्च्यागच्च्यांवरून आरोळी उठत होती.

सानिकाने घरी फोन लावला. गाडी बंद पडली आहे, इथे शस्त्रपूजा चालू आहे आणि मी खिचडी खाते आहे, असा आईला सविस्तर वृत्तांत देऊन तिने फोन ठेवला, तोच मागून कोणीतरी शुद्ध मराठीत म्हणाले, "इकडे खंडेनवमी बरीच लवकर येते म्हणायची."

तिने वळून पाहिले. निळ्या शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेला एक तरुण, हातात तिच्यासारखाच द्रोण. त्याने आपली ओळख करून दिली. विहंग माने, मूळचा कोल्हापूरजवळचा, हावड्याच्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी अभियंता. गॅरेजच्या मागच्या लेथवर त्याच्या कारखान्याचे काही सुटे भाग कातले जात, म्हणून त्याला पूजेचे आमंत्रण होते. मोटारगाडीला आपण आजवर कधी हात लावलेला नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगून टाकले.

"पण आजार ओळखीचा वाटतो," बॉनेटपाशी येत तो म्हणाला. "आमच्या विहिरीवरच्या पंपाला हाच व्हायचा. पोटात हवा शिरली की पाणी चढायचंच नाही. मग घागरीने वरून पाणी ओतायचं, हवा बाहेर काढायची... इथे तशी काही सोय असेल ना?"

सोय होती. डिझेलच्या फिल्टरच्या डोक्यावर एक गोल, जाडसर बटण होते, बाबा कधीकधी ते दाबत असत. ते का दाबतात, हे सानिकाने कधी विचारले नव्हते. बटण 'कुठे' ते तिला ठाऊक होते, 'का' ते त्याला ठाऊक होते. दोघांचे मिळून एक ज्ञान पुरे झाले. बटण म्हणजे छोटा हातपंप. त्याने टाकीतले डिझेल फिल्टरपर्यंत ओढून आणायचे आणि शेजारचा स्क्रू सैल करून अडकलेल्या हवेला वाट द्यायची. बटण दाबायला हत्यार लागत नाही. स्क्रूला मात्र लागते, आणि गॅरेजमधले सगळे स्क्रूड्रायव्हर आज देवापुढे होते.

सानिकाने पर्समधून एक नाणे काढले. स्क्रूच्या खाचेत ते चपखल बसले. हे हत्यारात मोडते का, असे तिने श्यामसुंदरला अदबीने विचारले. त्याने गंभीरपणे विचार केला आणि निर्णय दिला की नाणे लक्ष्मीच्या खात्यातले आहे, विश्वकर्म्याची हरकत नसावी.

मग ती बटण दाबत राहिली आणि तो स्क्रूवर डोळे लावून वाकून उभा राहिला. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग फेसातून सोनेरी डिझेलचा ओघळ.

"थांबू का?"

"नको... अजून बुडबुडे आहेत. थोडं अजून... हं. आता दाबून धरा." त्याने नाणे फिरवून स्क्रू आवळला. त्याचे मनगट तिच्या बोटांना निसटते लागले आणि दोघांनीही ते न लागल्यासारखे केले.

चौथ्या प्रयत्नाला इंजिन खोकले, पांढरा धूर सोडून थरथरले आणि सुरू झाले. गॅरेजमधल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमचं मराठी फार छान आहे," निघताना तो म्हणाला. "म्हणजे... माझ्या आत्याच्या पिढीचं."

मराठी आपण आईबाबा या दोनच माणसांकडून शिकलो आणि ते दोघे गाव सोडून इकडे आले तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता, असा खुलासा तिने केला. मग हनुवटी किंचित वर करून म्हणाली, "जुनं असेल. पण चालू स्थितीत आहे."

"गाडीसारखं?"

"गाडीपेक्षा बरं."

तो हसला. मग एकाएकी त्याचा चेहरा विचारात पडला. टाकीत डिझेल आहे, फिल्टर कोणी उघडलेला नाही, मग हवा शिरली कुठून? हा प्रश्न तो तिला विचारत होता की गाडीला, ते कळायला मार्ग नव्हता. घरी पोहोचेपर्यंत सानिकाच्याही डोक्यात तोच प्रश्न होता. जिन्यात मात्र तिच्या ध्यानात आले, की या माणसाने हवेची चौकशी केली, तिचा फोन नंबर काही मागितला नाही.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा सुरू होईना. सानिकाने श्यामसुंदरला फोन करून विहंगचा नंबर घेतला. कारण अर्थातच तांत्रिक होते.

तो हावड्याहून लाँचने नदी ओलांडून आणि पुढे बसने तासाभरात हजर झाला. सानिकाचे वडील प्रभाकर सोहोनी केंद्र सरकारच्या एका तांत्रिक खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रथम त्याची उलटतपासणी घेतली. पंपाने पाणी किती खोलीवरून ओढता येते, असे विचारले. त्याने उत्तर दिले. ते बरोबर आले म्हणून प्रभाकररावांनी आपली पान्यांची पेटी खाली आणली, आणि तिच्या आईने, सुधाताईंनी, पोहे टाकले.

मग शोध सुरू झाला. विहंगने त्याचे तत्त्व समजावून सांगितले. इंजिनच्या पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डाग दिसतो. पण टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जात असते. तिथल्या फटीतून बाहेर काही येत नाही, आतच हवा जाते... आवाज न करता, खूण न ठेवता.

"म्हणजे जिथे काहीच दिसत नाही, तिथे शोधायचं," सानिका म्हणाली.

"हो. आणि घाई करायची नाही."

"तुला... तुम्हाला घाई नाहीच आहे, असं दिसतं."

घाई दोघांनाही नव्हती. एका रविवारी त्यांनी टाकीकडचा जोड पाहिला, पुढच्या रविवारी रबरी नळी बदलली, नंतर वायसर, क्लिपा, फिल्टरचे झाकण. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास वाढतो, हे सानिकाने हेरले. विहिरीचे पाणी खोल गेले की पंपाला ओढायला कष्ट पडतात, तसेच हे, असे विहंग म्हणाला आणि तिच्याकडे अशा कौतुकाने पाहत राहिला की तिने उगाच क्लिप पुसायला घेतली. पंपाच्या अलीकडे त्याने वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन चालू ठेवून दोघे तिच्यावर वाकून बसत. अंगणातल्या पारिजातकाची फुले बॉनेटवर पडत, मधूनच एखादी सर येऊन जाई, आणि एकच छत्री धरण्याची पाळी कोणाची यावर वाद होई.

"एक आला," ती म्हणे.

"तो मघाचाच."

"मघाचा वर गेला. हा नवा आहे. जरा लहान, आणि घाबरट."

"माझ्यासारखा?"

"तू लहान कुठे आहेस?"

त्यांचे अहोजाहो कधी गळून पडले, ते त्या दोघांना कळले नाही. सुधाताईंना कळले. त्यांनी पोह्यांत दाणे वाढवले.

आणि मग एका रविवारी, नळीकडे पाहता पाहताच, विहंगने सांगितले. कंपनी कोल्हापूरजवळ नवा कारखाना काढते आहे. त्याला तिथे बोलावले आहे. आई आनंदात आहे. तिने शेजारीपाजारी सांगूनही टाकले आहे. दुर्गापूजेची सुट्टी संपली की त्याला हो किंवा नाही कळवायचे आहे.

"जाशील?" तिने विचारले.

"न जाण्याचं कारण काय सांगू? ... ते काही सापडलं नाही अजून." तो अजून नळीकडेच पाहत होता.

कारण सानिकाच्या ओठांवर होते. पण ती हिशेबी स्वभावाची मुलगी होती. मी राहा म्हटले, तो राहिला आणि पुढे त्याला घराची, आईची ओढ लागली, तर? दुसऱ्याने दिलेले कारण किती दिवस टिकते? आणि त्याला ते कारण हवे आहे, असे तरी कुठे ठरले होते? त्याला हवी आहे ती फट. ती एकदा सापडली की तो हात धुऊन, पोह्यांना दाद देऊन निघून जाईल, असेही तिला वाटे. म्हणून तिने नळीची क्लिप आवळायला घेतली.

पंचमीच्या संध्याकाळी एस्प्लनेडच्या तिच्या कार्यालयातून सगळे लवकर सुटले. गल्लीत मंडपाचे दिवे लागले होते. सानिका कपडेही न बदलता गाडीपाशी गेली. इंजिन सुरू करून तिने बॉनेट उघडले. नळीतून बुडबुड्यांची माळ चालली होती. ती वाकली आणि आधारासाठी हात सवयीने फिल्टरच्या डोक्यावर टेकला, त्या गोल बटणावर.

माळ थांबली.

तिने हात उचलला, बुडबुडे आले. पुन्हा टेकला, थांबले. तिला क्षणभर हसूच आले. बटणाखालचा रबरी पडदा कडेला चिरला होता. तिने कडेभोवती बोटभर ग्रीस लावून पाहिले. नळीतून स्वच्छ, अखंड डिझेल वाहू लागले. शंकेला जागाच उरली नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक जोड त्यांनी क्रमाने तपासला होता. ज्या वस्तूवर दर रविवारी त्यांचा हात असायचा, तिची तपासणी करायचे मात्र दोघांनाही सुचले नव्हते. वर ती चीर दर वेळच्या दाबण्याने थोडी थोडी वाढतही गेली होती.

फोन तिच्या हातात होता. तिने विहंगचे नाव काढले, बराच वेळ पाहिले आणि फोन परत पिशवीत टाकला. षष्ठी गेली, सप्तमी गेली. अष्टमीला ढाक नावाच्या ढोलांच्या गजरात देवीला अंजली देताना तिने मनाशी कबूल केले, की हे बरोबर नाही. उत्तर लपवून माणसाला अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या कुतूहलाची चेष्टा आहे. तो जाणारच असेल, तर निदान खरे काय ते कळून जावा.

नवमीला विहंग आला, तेव्हा तिने इंजिन सुरू केले, त्याचा हात धरला आणि बटणावर ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. त्याने नळीकडे पाहिले आणि मग स्वतःच हात उचलून पुन्हा टेकवून पाहिला.

"इथे तर दर वेळी आपलाच हात होता," तो हळूच म्हणाला.

"म्हणूनच शंका आली नाही."

"कधी सापडलं?"

"पंचमीला."

त्याने तिच्याकडे वळून पाहिले. पंचमी ते नवमी हा हिशेब त्याच्या डोळ्यांत उमटताना तिला दिसला. ती बॉनेटच्या दांडीवरचा नसलेला डाग पुसत राहिली.

इतक्यात प्रभाकरराव खाली आले. त्यांनी ऐकून घेतले, वर गेले आणि कपाटातून न उघडलेले खोके घेऊन आले. नवा हातपंप. काही वर्षांपूर्वी गाड्यांच्या सुट्या भागांच्या मल्लिकबाजारातून आणून ठेवला होता. आधी का नाही सांगितले, असे सानिकाने विचारल्यावर ते म्हणाले, मला कुणी विचारलेच नाही. तुम्ही दोघे शोधात इतके रमला होता. बसवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. आज खंडेनवमी. पान्यांची पेटी वर पाटावर झेंडूच्या फुलांखाली आहे. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचला.

हातांना काम नाही, अशी ही त्यांची पहिलीच भेट. म्हणून ते दोघे मंडप पाहायला बाहेर पडले. गर्दीत ती पुढे, तो मागे. मध्येच सर आली आणि दोघे एका मंडपाच्या बांबूंखाली अंग चोरून उभे राहिले. तिच्या केसांत आरतीच्या धुनुचीतल्या धुपाचा धूर अडकला होता. विहंग दोनदा बोलायला लागला. पहिल्यांदा ढाक सुरू झाला. दुसऱ्यांदा... ढाक थांबला, आणि त्या शांततेत त्याचाच धीर सुटला. तिला घरी सोडताना तो इतकेच म्हणाला, की परवा कार्यालय उघडेल.

दसऱ्याच्या सकाळी आकाश निवळले होते. पूजा आटोपल्यावर प्रभाकररावांनी पेटी विहंगच्या हाती दिली आणि स्वतः वर बाल्कनीत चहा घेत बसले. नवा हातपंप अर्ध्या तासात बसला. फिल्टरची हवा निघाली. उरली होती ती इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांमधली हवा. ते काम दोघांचे असते. एकाने आत बसून स्टार्टर मारायचा, दुसऱ्याने पुढे नळ्यांचे नट सैल करून, कापड धरून पाहायचे. फेस संपून नुसते डिझेल उसळले की एकेक नट आवळायचा.

सानिका आत बसली. समोर उघडे बॉनेट भिंतीसारखे उभे होते. विहंगचे फक्त बूट दिसत होते.

"मार."

तिने मारला. स्टार्टर घरघरला.

"बस. पहिला झाला." आवळण्याचा आवाज. "मार... बस. दुसरा."

तिसऱ्या नटानंतर "मार" आलेच नाही. बूट जागच्या जागी होते.

"सानिका," बॉनेटपलीकडून आवाज आला, "तुझा चेहरा दिसत नाही, तेवढ्यात विचारून घेतो. गाडी आता दुरुस्त झाली. पुढच्या रविवारी यायला मला काही कारण नाही. मी... कारणाशिवाय आलो, तर चालेल? आणि चालणार असेल, तर कोल्हापूरला काय कळवू?"

सानिकाचे बोट किल्लीवर होते. ती बोलू लागली, आणि बोलता बोलता नकळत किल्ली फिरली. इंजिनाने या वेळी खोकायचेही कष्ट घेतले नाहीत. पहिल्याच फेऱ्याला ते धडधडून सुरू झाले आणि तिचे सगळे शब्द त्या आवाजात बुडाले. पुढे विहंगची चौथा नट आवळायची धांदल उडाली. मग तो धावत खिडकीशी आला. कपाळावर डिझेल, हातात पाना, डोळ्यांत सारा प्रश्न.

"काय म्हणालीस?"

तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते. इंजिन खणखणीत चालत होते. इतक्या रविवारांच्या खटपटीनंतर प्रथमच, न अडखळता. त्याने कानामागे हात धरला.

सानिकाने किल्ली मागे फिरवली. अंगण एकदम शांत झाले.

"राहा, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "मी म्हणाले, मला तू हवा आहेस. फट सापडल्यावरही चार दिवस सांगितलं नाही, ते त्यासाठीच. इथे राहायचं की तिकडे जायचं, ते नंतर दोघांनी बसून ठरवू. तुझ्या आईलाही विचारू. पण आधी हे एवढं तुला माहीत हवं."

विहंगने पाना खिडकीच्या कडेवर ठेवला. हात डिझेलने माखले होते. ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्याने खिडकीवर कोपर टेकले, आणि तिने पुढे होऊन आपल्या ओढणीच्या टोकाने त्याचे कपाळ पुसले.

"उद्या त्यांना महिनाभराची मुदत मागतो," तो म्हणाला. "ठरवायला आम्ही दोघं आहोत, असं कळवतो."

एवढ्यात वरून प्रभाकररावांचा हताश आवाज आला.

"अगं, बंद पडली का परत?"

सानिकाने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिले. तिच्या गालावर डिझेलचे एक बोट उमटले होते, आणि ते पुसायची तिला मुळीच निकड वाटत नव्हती.

"पडली नाही, बाबा," ती म्हणाली. "मी बंद केली."